मेट्रो येईपर्यंत

आमच्या फ्लॅटला पार्किंग नाही. का नाही, तर मेट्रो येणार होती म्हणून. हे वाक्य मी आजवर इतक्या जणांना ऐकवलंय की समोरच्याचं पुढचं मला आधीच कळतं. नाशिकचा माणूस असेल तर हसतो. बाहेरगावचा असेल तर विचारतो, "अरे वा, नाशिकला मेट्रो आहे?"

१ फेब्रुवारी २०२१, सोमवार. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. वर्गात निम्मी मुलं, प्रत्येकाच्या तोंडाला मास्क, त्यामुळे कोण बोलतंय ते कळायचं नाही. मी नाशिकरोडला, जेलरोडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. ऑफ तासाला स्टाफरूममध्ये कुणाच्या तरी मोबाइलवर बजेटचं भाषण चालू होतं आणि त्यात एकदम 'नाशिक' ऐकू आलं. अर्थमंत्र्यांनी नागपूर मेट्रोचा दुसरा टप्पा आणि नाशिक मेट्रो एका दमात वाचून टाकले. नाशिकच्या वाट्याला २,०९२ कोटी. एरवी दिल्लीत आमचं नाव निघतं ते कांद्याचे भाव चढले की नाहीतर पडले की. त्या दिवशी मेट्रोसाठी निघालं. चित्रकलेच्या सरांनी स्वतःच्या खिशातून सगळ्यांना चहा पाजला, हेही तसं दुर्मीळच.

खरं तर राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०१९ मध्येच या प्रकल्पाला मंजुरी दिली होती. पण तेव्हा मी लक्ष दिलं नव्हतं. आता मात्र घरी येऊन नकाशा शोधला. दोन मार्ग, मिळून साधारण ३३ किलोमीटर. एक गंगापूरहून जेहान सर्कलवरून सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक, आणि पुढे मुंबई नाका. दुसरा गंगापूरहून निघून सातपूर, एबीबी सर्कल, मायको सर्कल, सीबीएस, सारडा सर्कल, द्वारका, गांधीनगर, नेहरूनगर, दत्तमंदिर करत नाशिकरोड. हा दुसरा, साडेबावीस किलोमीटरचा, बघताना मला वाटलं, माझ्या रोजच्या जाण्यायेण्यावरूनच कुणीतरी पेन्सिल फिरवलीय.

आम्ही तेव्हा सातपूरला भाड्याने राहत होतो. नवऱ्याची कंपनी सातपूर एमआयडीसीत, माझी शाळा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. सकाळी सातपूरहून शेअर रिक्षा किंवा मिळेल ते वाहन पकडून सीबीएस, तिथून शालिमारपर्यंत चालत, शालिमारहून नाशिकरोडची शेअर रिक्षा. मागे तिघं, पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना एकेक. करोनातही हेच, फक्त मास्क लावून. द्वारकेला एकदा अडकलं की पहिल्या तासाची हजेरी मुलांनीच घ्यायची.

घर घ्यायचं हे ठरलं होतं, कुठे घ्यायचं हे ठरत नव्हतं. मी म्हणत होते नाशिकरोड. नवरा म्हणत होता सातपूर. सासूबाईंचं म्हणणं होतं की जिथे त्यांचं भजनी मंडळ तिथे, म्हणजे सातपूर. असं दोनास एक मत दीड वर्ष चाललं होतं, आणि मी काही हटणार नव्हते. बजेटच्या रात्री जेवताना नवरा एवढंच म्हणाला, "आता तुला काय अडचण आहे? घरापासून शाळेपर्यंत मेट्रो." मी गप्प बसले. लग्नाला सतरा वर्षं झाली होती, त्यात मी वादात अशी गप्प बसल्याचे प्रसंग फार नाहीत.

फेब्रुवारीच्या दुसऱ्याच आठवड्यात त्र्यंबक रोडला लागून असलेल्या एका नव्या इमारतीत फ्लॅट बघितला. एजंटने आधी गॅलरी दाखवली, मग किचन, मग खिशातून घडी घातलेलं माहितीपत्रक काढलं. त्यावर चंदेरी मेट्रो, खाली चकचकीत रूळ, आणि इमारतीच्या शेजारी लाल टिंब. "स्टेशन इथून चालत पाच मिनिटं, मॅडम." तेच टिंब दाखवून भाव चौरस फुटामागे दोनशेने वाढला असल्याचंही त्याने सांगितलं. आठवड्यापूर्वी आला असतात तर, वगैरे. मग पार्किंगचा विषय निघाला. त्याचे वेगळे दीड लाख. आमचं बजेट ताणून ताणून संपलेलं. आणि एजंटच म्हणाला, "मेट्रो सुरू झाल्यावर गाडी लागणार कुणाला? मिस्टरांची मोटारसायकल काय, गेटपाशी कडुनिंबाखाली राहील." दीड लाख वाचले या आनंदात आम्ही त्या रात्री पावभाजी खायला गेलो.

मुद्रांक शुल्कातली सवलत ३१ मार्चला संपणार होती, त्यामुळे अख्खा जिल्हा नोंदणीला लोटला होता. एक दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत रांगेत उभं राहून अंगठे, फोटो, सह्या झाल्या आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा, हातात आला. बाहेर करोनाची दुसरी लाट चढत होती, आम्ही सॅनिटायझरने हात पुसत एकमेकांना पेढा भरवला.

आता त्या माहितीपत्रकातल्या रुळांविषयी. नाशिकला जी मंजूर झाली होती तिला रूळ नव्हतेच. मला हे कळलं मे महिन्यात, आणि तेही विद्यार्थ्याकडून. ऑनलाइन तासाला नववीतल्या एकाने विचारलं, "मॅडम, टायरवर चालते तर तिला मेट्रो का म्हणायचं?" मी म्हटलं उद्या सांगते. विज्ञानाच्या शिक्षकाला हे वाक्य फार उपयोगी पडतं.

रात्री वाचलं. केंद्राने छोट्या शहरांसाठी दोन स्वस्त प्रकार काढले होते. एक मेट्रोलाइट, म्हणजे रुळांवरचीच पण हलकी. दुसरा मेट्रो निओ, तो आमच्या नशिबी. खांबांवरचा उंच रस्ता, त्यावर रबरी टायरची, मध्ये लवचीक जोड असलेली लांबलचक बस, आणि वर विजेच्या तारा. दुसऱ्या दिवशी मुलांना फळ्याऐवजी कॅमेऱ्यासमोर कागद धरून समजावलं. रेल्वेच्या डोक्यावर एक तार पुरते, कारण वीज त्या तारेतून येते आणि चाकांतून रुळात उतरून परत जाते. इथे रबरी टायर, विजेला खाली जायला वाट नाही, म्हणून परतीची तारही वरच. दोन तारा, आणि त्यांना टेकायला बसच्या टपावर दोन दांडे. मुलांना ते पटलं. ज्याने प्रश्न विचारला होता तो म्हणाला, "मग ही बसच झाली की." त्यावर मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. खर्च पाहिला तर ते बरोबरही होतं: २,०९२ कोटींना ३३ किलोमीटर म्हणजे किलोमीटरला ६३ कोटींच्या आसपास. एवढ्यात रुळांची मेट्रो होत नाही.

आमच्या तळमजल्यावरच्या काकांना यातलं काहीच नवीन वाटलं नाही. त्यांचं लहानपण मुंबईत गेलेलं. "आम्ही बसलोय त्यात. गवालिया टँक ते माझगाव. दांडा तारेवरून निसटला की कंडक्टर खाली उतरून बांबूने परत बसवायचा." बेस्टची ट्रॉलीबस १९६२ साली सुरू झाली आणि १९७१ ला बंद पडली. काकांच्या मते नाशिकची मेट्रो म्हणजे तीच, फक्त वर चढवलेली. मेट्रोची बातमी आली की ती घेऊन लोक काकांकडे जात आणि काका ती बांबूने परत तारेवर बसवत.

वाट बघण्याचं पहिलं वर्ष मजेचं गेलं. जुलै २०२१ मध्ये महापालिकेच्या सिटीलिंक बस सुरू झाल्या आणि आम्हाला वाटलं, ही मेट्रोच्या आधीची तयारी. शाळेत, भाजीच्या गाडीवर, पार्लरमध्ये, जो तो स्टेशन कुठे येणार त्यावर बोलत होता. भूमिपूजन दिवाळीला. मग पाडव्याला. मग दिल्लीहून वेळ मिळाली की लगेच. एके दिवशी त्र्यंबक रोडवर तीन माणसं तिपाई लावून काहीतरी मोजताना दिसली आणि आमच्या कंपाउंडच्या भिंतीसमोर डांबरावर लाल रंगाची फुली मारून गेली. मेट्रोची होती, गटारीची होती की केबलची, कुणी विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर तिचे चार अँगलने फोटो आले. सासूबाई भजनाला जाताना मुद्दाम वळसा घालून ती बघून आल्या.

त्या फुलीने आमची भिंत पाडली. म्हणजे लगेच नाही. रस्त्याकडची भिंत पावसाळ्यात कलली होती, ती उतरवून नवी बांधायचा विषय सर्वसाधारण सभेत आला. चेअरमन म्हणाले, खांबासाठी रस्ता रुंद होणार, भिंत जाणारच आहे, आत्ता पैसे कशाला घालायचे? ठराव पुढे ढकलला. पुढच्या वर्षीही ढकलला. त्याच्या पुढच्या वर्षी चर्चाच झाली नाही, 'मागील ठराव कायम' एवढंच लिहिलं. आणि मग एका जुलैत रात्री अडीच वाजता ती काकांच्या कुंड्यांवर आडवी झाली. कुणाला लागलं नाही. काकांचा मोगरा गेला.

मे २०२२ मध्ये मी बहिणीकडे पुण्याला गेले होते, कोथरूडला. मार्चमध्येच तिथली मेट्रो सुरू झाली होती, वनाज ते गरवारे कॉलेज. बहिणीला म्हटलं, मला काही नको, फक्त त्यात बसव. वीस रुपयांचं तिकीट काढून आम्ही गरवारेला गेलो आणि तसेच परत आलो. मी सरकत्या जिन्याचेसुद्धा फोटो काढले. बहीण सांगत होती की २०१६ च्या डिसेंबरात भूमिपूजन झालं, त्यानंतर कर्वे रोडवर काय काय सोसलं, दुकानं कशी बसली, वळसे कसे घ्यावे लागले. मी म्हटलं, "आमच्याकडे अजून खोदलंसुद्धा नाही." ती म्हणाली, "मग नशीबवान आहात." मला तेव्हा तिचा राग आला होता. खोदलं तर पाहिजे ना आधी.

परत आल्यावर मात्र मी हा विषय नीट समजून घ्यायचं ठरवलं, म्हणजे बजेटमध्ये नाव येऊनही घोडं अडतं कुठे. आणि जे कळलं ते मला फ्लॅट घेण्याआधी कळायला हवं होतं. बजेटमध्ये नाव येणं म्हणजे मंजुरी नव्हे. राज्याने पाठवलेला प्रकल्प अहवाल केंद्राच्या गृहनिर्माण आणि शहरी कामकाज मंत्रालयात जातो, तिथे छाननी होते, मग सार्वजनिक गुंतवणूक मंडळ, मग केंद्रीय मंत्रिमंडळ. मंत्रिमंडळाची मोहर लागली की खरं काम. शिवाय २०१७ च्या मेट्रो धोरणाप्रमाणे शहराचा सर्वंकष वाहतूक आराखडा हवा, याच्यापेक्षा स्वस्त पर्याय नाही ना हे दाखवायला हवं. आमची फाइल या पायऱ्यांवरच कुठेतरी थांबली आणि शेवटची मोहर काही उमटली नाही. लग्न ठरलं असं आम्ही गावभर सांगत फिरत होतो, मुलाकडच्यांनी अजून पत्रिकाच बघितली नव्हती.

याच वाचनात एक गोष्ट सापडली आणि तिने मला आठवडाभर सोडलं नाही. नाशिकला ट्राम होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेली, मेन रोडवरच्या जुन्या पालिकेच्या इमारतीपासून थेट नाशिकरोड स्टेशनपर्यंत, आठ-दहा किलोमीटर. दोन डबे, ओढायला चार घोडे. पुढे बार्शी लाइट रेल्वेमुळे ज्यांचं नाव झालं ते एव्हरार्ड कॅल्थ्रॉप तिचे सल्लागार अभियंता होते. रेल्वे गावाला वळसा घालून लांबून गेली, स्टेशन जंगलापलीकडे, त्यामुळे स्टेशनावर उतरलेल्या माणसाला गावात आणायचं कसं हा प्रश्न तेव्हापासूनचाच. प्लेग आणि दुष्काळ यांनी ट्रामचा धंदा बसला आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद झाली. मी रोज शालिमारला रिक्षाची वाट बघत उभी राहते ती जागा मेन रोडपासून हाकेच्या अंतरावर आहे. माझ्या पणजीच्या वयाची बाई तिथून घोड्यांच्या ट्रामने नाशिकरोडला जाऊ शकत होती, आणि मी ड्रायव्हरच्या डाव्या बाजूला अर्धी बाहेर बसून जाते. हे मी स्टाफरूममध्ये सांगितलं तर इतिहासाच्या बाई म्हणाल्या, घोडे द्वारकेला अडकले नसतील.

त्यानंतरची दोन-तीन वर्षं पटकन सांगते, कारण त्यांत काही घडलंच नाही. टायरवाली नकोच, नाशिकला पूर्ण मेट्रोच हवी, अशी नवी चर्चा सुरू झाली. मला त्यात तथ्य वाटतं, शहर वाढलंय. पण नवी चर्चा म्हणजे नवा अहवाल, नवा अहवाल म्हणजे पुन्हा पहिल्या पायरीवर. आधी म्हणायचे, सिंहस्थाच्या आत होईल. २०२७ च्या सिंहस्थाच्या तारखाही जाहीर झाल्या: ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. रस्ते खोदायला लागले तेव्हा सासूबाईंनी आशेने विचारलं, "मेट्रोचं ना?" नाही, सिंहस्थाचं. त्या 'बरं' म्हणाल्या. त्यांच्या लेखी तेही काही कमी काम नव्हतं.

ज्या नववीतल्या मुलाने प्रश्न विचारला होता तो आता इंजिनिअरिंगला आहे. परवा बिटको चौकात भेटला. बुलेटवर होता.

आणि मी? फ्लॅट घेतला त्याच वर्षी स्कूटर घ्यायचं माझ्या मनात होतं. मैत्रिणीची जुनी गाडी स्वस्तात मिळत होती. तेव्हा मीच म्हटलं होतं, दोन वर्षांसाठी कशाला, या वयात शिकायचं, पडायचं, मग मेट्रो आल्यावर विकायची. तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते. गेल्या वर्षी पंचेचाळीस पूर्ण झाल्यावर एका रविवारी एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यावर नवऱ्याने मला गाडीवर बसवलं आणि मागून धावत धावत ओरडत राहिला, "ब्रेक! ब्रेक म्हणतोय मी!" पाच रविवार लागले. दोनदा पडले. दुसऱ्या वेळी एका कंपनीच्या गेटवरच्या वॉचमनने पाणी दिलं आणि "ताई, लायसन्स आहे का?" असं इतक्या काळजीने विचारलं की मी लर्निंग लायसन्स पर्समधून काढूनच दाखवलं.

स्कूटर आली. आता प्रश्न ती लावायची कुठे. कडुनिंबाखाली मोटारसायकल आहे, तिच्या शेजारी दूधवाल्याची सायकल, आणि पडलेल्या भिंतीच्या विटा अजून तिथेच रचून ठेवलेल्या. आमच्यासारखे बिनपार्किंगचे इमारतीत पाच फ्लॅट आहेत. पाचही २०२१ च्या मार्चमधले. हे मला कळलं ते सोसायटीच्या सभेत पार्किंगचा विषय निघाला तेव्हाच. आम्ही पाच जणींनी एकमेकींकडे बघितलं आणि पाचही जणींना तो घडीचा कागद आठवला, लाल टिंबाचा.

चेअरमनांच्या नावावर दोन पार्किंग आहेत, एक रिकामं. मुलगा कॅनडात. ते म्हणाले, "मॅडम, माझ्या जागेत लावा. मेट्रो येईपर्यंत." सगळे हसले. पण सेक्रेटरी कोर्टात क्लार्क होते, त्यांना तोंडी काही चालत नाही. त्यांनी ठरावाच्या वहीत लिहायला घेतलं: सदर जागा सभासदास दुचाकी लावण्याकरिता मेट्रो सुरू होईपर्यंत विनामोबदला वापरण्यास देण्यात येत आहे. मग पेन थांबवून त्यांनी विचारलं, "मुदत काय टाकू? तारीख लागेल."

कुणी बोलेना. काका खुर्चीतून म्हणाले, "टायरवाली की रुळावरची, ते आधी लिहा. नाहीतर पुढे भांडण व्हायचं."

सेक्रेटरींनी दोन्ही लिहिलं. मी खाली सही केली आणि स्कूटर आत घेतली.